कौन्सिल घराच्या भाड्यात सरकारी अनुदान नेमकं कुठे असतं? हिशेब मांडायची रीत

इंग्लंडमध्ये कौन्सिल घराचं, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या (कौन्सिलच्या) मालकीच्या घराचं, भाडं खासगी घरापेक्षा बरंच कमी असतं. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : सरकार अनुदान देतं म्हणून. मग कोणीतरी खासगी भाड्यातून कौन्सिलचं भाडं वजा करतो आणि आलेल्या आकड्याला 'दर घरामागचं अनुदान' म्हणून मोकळा होतो. ही वजाबाकी फसवी आहे. तेवढे पैसे कुठल्याच तिजोरीतून निघालेले नसतात. २०१२ पूर्वीच्या काही वर्षांत तर अनेक कौन्सिलांच्या भाड्यातून सरकारच पैसे काढून घेत होतं, आणि तरीही ती भाडी बाजारभावाच्या खालीच होती.

परिणाम शोधायचा तर आधी अनुदान कोणत्या वाटेनं येतं ते पाहावं लागतं. इथली रीत इंग्लंडपुरती आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे आहेत.

पैशाची वाट आधी ओळखा

वाटा तीन. पहिली, दरवर्षी कौन्सिलच्या घरखात्यात येणारं चालू अनुदान. हे १९१९ ला सुरू झालं आणि अनेक रूपं बदलून एप्रिल २०१२ मध्ये बंद झालं. दुसरी, घर बांधताना मिळणारी एकरकमी भांडवली मदत. तिसरी, भाडेकरूच्या नावानं येणारी मदत, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारं हाउसिंग बेनिफिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यातला घरभाड्याचा भाग.

यांच्या जोडीला एक चौथी गोष्ट आहे आणि ती अनुदान नाही. भाडं किती असावं, दरवर्षी किती वाढावं हे ठरवणारा सरकारी नियम. आज कौन्सिल घराच्या भाड्यावर सगळ्यात जास्त पकड या नियमाची आहे. पैसे देणारा आणि नियम करणारा हात एकच असल्यामुळे लोक दोन्ही एकत्र मोजतात. हिशेब करताना मात्र वेगळे ठेवा.

जुन्या घराचा हिशेब : कर्जाचा हप्ता वजा अनुदान

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरांपासून सुरुवात करणं सोपं जातं, कारण तिथे अनुदान घरामागे ठरलेल्या रकमेचं होतं. १९४६ च्या कायद्यानं सर्वसाधारण घराला वर्षाला १६ पौंड १० शिलिंग केंद्राकडून आणि ५ पौंड १० शिलिंग स्थानिक करातून, असे २२ पौंड ६० वर्षांसाठी ठरवले. जुने आकडे वाचताना १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स हे लक्षात असू द्या; दशमान चलन फेब्रुवारी १९७१ मध्ये आलं.

आता घरामागे १,००० पौंड कर्ज, मुदत ६० वर्षं धरा. समान वार्षिक हप्ता काढायला कर्जाला व्याजदरानं गुणायचं आणि आलेल्या आकड्याला '१ वजा (१ अधिक व्याजदर) चा उणे ६० वा घात' यानं भागायचं. स्प्रेडशीटमध्ये पीएमटी हे सूत्र हेच करतं.

व्याज ३ टक्के असेल तर हप्ता ३६.१३ पौंड येतो. अनुदानाचे २२ गेले की भाड्यातून १४.१३ पौंड भागवायचे राहतात. आठवड्याला साधारण साडेपाच शिलिंग. व्यवस्थापन आणि दुरुस्ती त्यावर.

व्याज ५ टक्के करा. हप्ता ५२.८३ पौंड होतो, अनुदान तेच २२, आणि भाड्यावर येणारा भार ३०.८३ पौंड. हप्ता पावणेदोन पटीच्याही आतच वाढला, पण भाडेकरूच्या वाट्याचा भाग दुपटीहून जास्त झाला. ठरावीक रकमेच्या अनुदानाचा स्वभावच असा असतो. व्याज किंवा बांधकामखर्च वाढला की सगळी वाढ भाड्यावर येऊन पडते, कारण अनुदान जागचं हलत नाही. म्हणून जुन्या कायद्याचा परिणाम तपासताना अनुदानाच्या रकमेच्या शेजारी त्या वर्षाचा व्याजदर लिहायला विसरू नका. नुसती रक्कम पाहून 'या सरकारनं जास्त दिलं, त्या सरकारनं कमी दिलं' असं ठरवणारी तुलना कामाची नाही.

अनुदान कशावर मोजलं, हे दुसरं पाहायचं. प्रत्येक मोजमापानं कौन्सिलला वेगळ्या दिशेनं ढकललं :

१९१९ च्या ॲडिसन कायद्यात कौन्सिलचा तोटा स्थानिक करातल्या एका पेनीच्या उत्पन्नापुरता मर्यादित होता, वरची सगळी तूट केंद्राची. खर्च आटोक्यात ठेवायला कौन्सिलला काहीच कारण उरलं नाही, आणि १९२१ मध्ये नव्या मंजुऱ्या थांबल्या.

१९२३ च्या चेंबरलेन कायद्यात घरामागे वर्षाला ६ पौंड, २० वर्षं. १९२४ च्या व्हीटली कायद्यात ९ पौंड, ४० वर्षं, ग्रामीण भागात जास्त. आता तूट कौन्सिलची होती, त्यामुळे भाडी नियमित पगार असलेल्या कामगारालाच झेपतील अशी राहिली. सगळ्यात गरीब कुटुंबं बाहेरच.

१९३० च्या ग्रीनवूड कायद्यानं मोजमाप घरावरून माणसावर आणलं. झोपडपट्टीतून हलवलेल्या दर माणसामागे शहरी भागात वर्षाला २ पौंड ५ शिलिंग, ४० वर्षं. मोठं कुटुंब सामावून घेणं कौन्सिलला परवडू लागलं. भाड्यात उत्पन्नानुसार सूट देण्याची मोकळीकही याच कायद्यात होती.

१९५६ मध्ये सर्वसाधारण घरांचं अनुदान आधी १० पौंडांवर आणि वर्षअखेरीस जवळजवळ शून्यावर आलं, पण उंच इमारतींना मजल्यांनुसार वाढत जाणारं अनुदान सुरू झालं. त्या काळात टॉवर इतके का उभे राहिले याचं एक कारण या कोष्टकात आहे.

१९६७ मध्ये मोजमाप व्याजावर आलं. प्रत्यक्ष व्याज आणि ४ टक्के यांतला फरक केंद्र भरू लागलं. वरच्याच १,००० पौंडांना ७ टक्क्यांनी हप्ता ७१.२३ पौंड आणि ४ टक्क्यांनी ४४.२० पौंड, मधले २७.०३ पौंड अनुदान. व्याज वाढल्याचा फटका आता केंद्रावर आला आणि भाडेकरू त्यातून सुटला. महागाईच्या दशकात हे केंद्राला जड जाणार, हे उघडच होतं.

एका घराचं अनुदान त्या घराच्या भाड्यात शोधू नका

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. 'हे घर १९५० चं, त्याला २२ पौंड मिळत होते, म्हणून त्याचं भाडं तेवढं कमी' असा सरळ धागा कधीच नसतो. १९३५ च्या कायद्यानं कौन्सिलांनी सगळ्या घरांची भाडी आणि सगळी अनुदानं एकाच खात्यात घ्यायची, असं ठरलं. याच खात्याचं आजचं रूप म्हणजे हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट, बोलण्यात एचआरए. त्यात पैसा मिसळला की कुठल्या घराचा कुठला, हे सांगता येत नाही.

छोटं उदाहरण घ्या. १,००० जुनी घरं, प्रत्येकाचा कर्जखर्च वर्षाला ८ पौंड. २०० नवी घरं, प्रत्येकाचा ४० पौंड. वेगवेगळी भाडी लावली तर नव्या घरात कोणी राहायला येणार नाही. एकत्र केलं तर १६,००० भागिले १,२००, म्हणजे घरामागे १३.३३ पौंड. जुन्या भाडेकरूनं ५.३३ पौंड जास्त भरले आणि नव्याला २६.६७ पौंड कमी लागले. यात सरकारचा एक पैसा नाही. ज्या कौन्सिलकडे स्वस्तात बांधलेली जुनी घरं जास्त, तिची भाडी याच कारणानं कमी राहत. म्हणून दोन शहरांची तुलना करताना आधी घरांचं वय आणि खात्यावरचं कर्ज पाहा, अनुदान नंतर.

१९७२ ते २०१२ : अनुदान भाडं खेचायचा दोर बनतं

१९७२ च्या हाउसिंग फायनान्स कायद्यानं कौन्सिल घरांनाही 'फेअर रेंट', म्हणजे घराचा दर्जा आणि जागा पाहून ठरवलेलं 'वाजवी भाडं', लावायचं ठरवलं आणि गरीब भाडेकरूंसाठी देशभर एकसारखी सूट आणली. भाडं किती हे आता कौन्सिलच्या हातात राहिलं नाही. डर्बीशरमधल्या क्ले क्रॉसच्या ११ नगरसेवकांनी वाढ लागू करायला नकार दिला, तेव्हा त्यांच्याकडून रक्कम वसूल करण्याचा आदेश निघाला आणि ते अपात्र ठरले. १९७५ मध्ये भाडं ठरवण्याचा अधिकार कौन्सिलांकडे परत आला.

१९८० च्या कायद्यानं जास्त सफाईदार रस्ता काढला. मागच्या वर्षीचं अनुदान, अधिक वाढलेला खर्च, वजा कौन्सिलनं स्थानिक पातळीवर उभी करायला हवी ती वाढीव रक्कम. ही तिसरी संख्या मंत्री ठरवत, आणि तिच्यात भाडं इतकं वाढेल असं गृहीत धरलेलं असे. कौन्सिलनं भाडं वाढवलं नाही तरी अनुदान कापलं जाई. हुकूम न काढता भाडं वाढवायची ही युक्ती १९९० नंतर पक्की झाली, म्हणून तिचा हिशेब नीट मांडून पाहू.

१९८९ च्या कायद्यानं १ एप्रिल १९९० पासून एचआरएभोवती कुंपण घातलं. सर्वसाधारण कराचा पैसा या खात्यात ओतायचा नाही, खात्यातला पैसा बाहेर न्यायचा नाही, आणि तुटीचं अंदाजपत्रक मांडायचं नाही. अनुदान काढायला खऱ्या खात्याच्या शेजारी एक कागदी खातं मांडलं जाई. २००४ नंतरच्या रूपात त्याची मांडणी साधारण अशी :

अनुदान = व्यवस्थापन व देखभालीचा भत्ता + मोठ्या दुरुस्तीचा भत्ता + कर्जाचा खर्च − (मार्गदर्शक भाडं × घरं × ५२ × ०.९८)

मार्गदर्शक भाडं म्हणजे केंद्रानं त्या कौन्सिलसाठी कागदावर धरलेलं भाडं. ०.९८ कारण २ टक्के घरं रिकामी राहतील असं धरलेलं. मोठ्या दुरुस्तीचा भत्ता एप्रिल २००१ पासूनचा. नमुन्याचे आकडे घालू : १०,००० घरं, मार्गदर्शक भाडं आठवड्याला ६० पौंड, देखभाल भत्ता घरामागे १,६०० पौंड, दुरुस्ती भत्ता ६०० पौंड, कर्जाचा खर्च एकूण ५० लाख पौंड. खर्चाची बाजू २ कोटी ७० लाख. भाड्याची बाजू ३ कोटी ५ लाख ७६ हजार. उत्तर उणे ३५ लाख ७६ हजार पौंड. उणे आलं की कौन्सिलनं तेवढी रक्कम केंद्राला द्यायची.

आता मार्गदर्शक भाडं फक्त १ पौंडानं वाढवा. ५२ × १०,००० × ०.९८ म्हणजे ५ लाख ९ हजार ६०० पौंड आणखी जातात. कौन्सिलनं प्रत्यक्ष भाडं वाढवलं नाही तर ही रक्कम दुरुस्तीतून काढावी लागते. वाढवलं तर सगळी वाढ केंद्राकडे. कुठल्याही पक्षाची कौन्सिल असो, भाडं मार्गदर्शक आकड्याच्या मागेमागे का जात होतं, ते या एका ओळीत दिसतं. अनुदानाची रक्कम शून्य किंवा उणे असली तरी अनुदानाची पद्धत भाडं ठरवत होती.

१९९० ते २००४ या काळातला हिशेब करत असाल तर आणखी एक सावधगिरी. तेव्हा गरीब भाडेकरूंची सूट, म्हणजे रेंट रिबेट, याच खात्यात होती. खात्यात भाड्याची शिलक राहिली तर ती आधी या सवलतींना लागे आणि केंद्राचं देणं तेवढं घटे. म्हणजे पूर्ण भाडं भरणारा कौन्सिल भाडेकरू शेजाऱ्याच्या सवलतीचा भार उचलत होता. एप्रिल २००४ मध्ये रिबेट खात्याबाहेर गेलं. २००४ च्या आधीचे आणि नंतरचे अनुदानाचे आकडे एकाच आलेखात काढले तर आलेख खोटा पडतो. ही चूक छापील अहवालांतही आढळते.

२०१२ ची फारकत

लोकॅलिझम कायदा २०११ नं ही पद्धत संपवली. प्रत्येक कौन्सिलच्या घरांचा ३० वर्षांचा जमाखर्च मांडून त्याचं आजचं मूल्य ६.५ टक्के दरानं काढलं. ते मूल्य खात्यावरच्या कर्जापेक्षा जास्त आलं, त्या कौन्सिलनं २८ मार्च २०१२ रोजी फरकाएवढं कर्ज काढून केंद्राला दिलं. कमी आलं, तिचं तेवढं कर्ज केंद्रानं फेडलं. एप्रिल २०१२ पासून भाडं कौन्सिलकडेच राहतं आणि चालू अनुदान नाही.

म्हणजे आजच्या भाड्यात जुन्या अनुदानाचा अंश शोधायचा तर तो खात्यावरच्या कर्जात सापडेल. अंदाजपत्रकात 'व्याज आणि भांडवली खर्च' ही ओळ पाहा, तिला घरांच्या संख्येनं भागा, मग ५२ नं. आठवड्याच्या भाड्यातले किती पौंड कर्जाकडे जातात ते कळेल. या खात्याच्या कर्जावर आधी कमाल मर्यादा होती. ती ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाली.

आजचं 'सोशल रेंट' स्वतः काढून पाहा

सोशल रेंट म्हणजे सरकारी सूत्रानं ठरणारं कमी भाडं. हे सूत्र २००२ च्या भाडे-पुनर्रचनेतून आलं आणि अजून चालू आहे. त्यात चार गोष्टी लागतात : एप्रिल २००० चं राष्ट्रीय सरासरी भाडं ५४.६२ पौंड, राष्ट्रीय सरासरी साप्ताहिक कमाई ३१६.४० पौंड, जानेवारी १९९९ ची सरासरी घरकिंमत ४९,७५० पौंड, आणि खोल्यांचा भार (खोली म्हणजे इथे फक्त झोपायची खोली). स्वतंत्र झोपायची खोली नसेल तर ०.८०, एक खोली ०.९०, दोन १.००, तीन १.०५, चार १.१०, पाच १.१५, सहा किंवा जास्त १.२०.

पहिला भाग : ५४.६२ ची ७० टक्के रक्कम × (तुमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, सरासरी कमाई ÷ ३१६.४०) × खोल्यांचा भार.
दुसरा भाग : ५४.६२ ची ३० टक्के रक्कम × (तुमच्या घराची जानेवारी १९९९ ची किंमत ÷ ४९,७५०).
दोन्हींची बेरीज म्हणजे २०००-०१ च्या पातळीवरचं फॉर्म्युला भाडं.

काउंटीची कमाई ३०० पौंड, घर दोन खोल्यांचं, १९९९ ची किंमत ४०,००० पौंड असं धरा. पहिला भाग ३६.२५, दुसरा १३.१७, बेरीज ४९.४२ ते ४९.४३ पौंड, मधल्या पायरीवर पूर्णांकन केलं की पेनीचा फरक पडतोच, त्यावरून कोणाशी भांडू नका. आता किंमत दुप्पट, ८०,००० करा. भाडं ६२.६० होतं. किंमत शंभर टक्के वाढली, भाडं साधारण २७ टक्के. लंडनच्या महागड्या भागात कौन्सिल भाडं आणि बाजारभाडं यांतली दरी एवढी मोठी का, याचं मूळ या ७०-३० च्या वाटणीत आहे, शिवाय १९९९ च्या किमतीत गोठलेल्या मोजमापात. त्यावर खोल्यांनुसार कमाल भाड्याची मर्यादाही असते.

२००० च्या पातळीवरून आजपर्यंत आणायला सरकारी भाडे-धोरणाच्या निवेदनातलं दरवर्षीच्या वाढीचं कोष्टक वापरा. इथे २०१५-१६ पासूनचा पट्टा देतो, कारण धरसोड सगळी याच काळातली. २०१५-१६ ला भाडं १०० पौंड होतं असं समजा.

एप्रिल २०१६ पासून चार वर्षं दरवर्षी १ टक्का कपात, कायद्यानं. २०१९-२० ला ९६.०६.
त्यानंतरचा नियम : मागच्या सप्टेंबरची सीपीआय (ग्राहक किंमत निर्देशांकाची) महागाई अधिक १ टक्का.
२०२० : २.७ टक्के, ९८.६५.
२०२१ : १.५ टक्के, १००.१३.
२०२२ : ४.१ टक्के, १०४.२४.
२०२३ : नियमानं ११.१ टक्के झाली असती, पण ७ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. १११.५४.
२०२४ : ७.७ टक्के, १२०.१२.
२०२५ : २.७ टक्के, १२३.३७.
२०२६ : ४.८ टक्के, १२९.२९.

ही कमाल वाढ आहे. कौन्सिल कमी वाढवू शकते. १ टक्का कपातीची चार वर्षं नीट समजून घ्या. २०१२ ला कौन्सिलांच्या माथी जे कर्ज मारलं, त्याचा हिशेब भाडं दरवर्षी महागाईपेक्षा थोडं जास्त वाढेल असं धरून केला होता. चार वर्षांनी तोच आधार काढला. भाडेकरूला स्वस्त पडलं, सरकारची बेनिफिटवरची रक्कम वाचली, आणि भोक पडलं दुरुस्तीच्या पैशात. ओल आणि बुरशीच्या तक्रारी वाचताना ही वर्षं डोक्यात ठेवा.

२०२३ च्या मर्यादेत एक बारकावा आहे. मर्यादा राहत्या भाडेकरूच्या वाढीवर होती. फॉर्म्युला भाडं मात्र पूर्ण ११.१ टक्क्यांनी वर गेलं. घर रिकामं होऊन नव्यानं दिलं की कौन्सिल फॉर्म्युला भाडं लावू शकते. म्हणून एकाच मजल्यावर सारख्याच दोन घरांच्या भाड्यात जवळपास ४ टक्के फरक दिसेल, आणि तो हिशेबाची चूक नसेल. कौन्सिलला फॉर्म्युल्याच्या वर ५ टक्क्यांपर्यंत जायचीही सवड आहे.

बेनिफिट : भाडं वाढलं, पण भरणार कोण?

आठवड्याचं भाडं ११० वरून ११५ पौंड झालं. पाच पौंडांचं काय होतं ते घराघरावर अवलंबून आहे.

पूर्ण हाउसिंग बेनिफिट असेल तर भाडेकरूला काहीच जास्त भरावं लागत नाही. अर्धवट बेनिफिट असेल तरी नाही. हे पुष्कळांना पटत नाही. कपात उत्पन्नावर मोजली जाते, भाड्यावर नाही. उत्पन्न तेच असेल तर कपात तीच, आणि वाढीव पाच पौंड पूर्ण बेनिफिटमध्ये येतात. बेनिफिट नसलेल्या कुटुंबाला पाचच्या पाच पौंड खिशातून. निवृत्तीचं वय न झालेल्या आणि एक खोली जास्त असलेल्या भाडेकरूची पात्र भाड्याच्या १४ टक्के कपात होते. ११० वर १५.४० आणि ११५ वर १६.१०, म्हणजे ७० पेन्स जास्त. दोन किंवा अधिक खोल्या जास्त असतील तर कपात २५ टक्के. हा नियम एप्रिल २०१३ चा. एकूण बेनिफिटच्या कमाल मर्यादेला आधीच टेकलेल्या कुटुंबाला मात्र सगळी वाढ स्वतः सोसावी लागते.

खातं वेगळं, पण तिजोरी तीच. विटांवरचं, म्हणजे थेट घरांना मिळणारं, अनुदान कमी करून भाडी वाढवली की बेनिफिटचा खर्च वाढतो. अनुदान कापून किती वाचलं हे सांगणाऱ्या कुठल्याही आकड्यातून बेनिफिटची वाढ वजा केली आहे का, तेवढं विचारा.

नवं घर : भाड्याचा १ पौंड किती अनुदान वाचवतो?

नमुन्याचं घर २ लाख ५० हजार पौंडांचं. सोशल रेंट आठवड्याला १३० पौंड, २ टक्के रिकामपण, व्यवस्थापन-देखभाल वर्षाला ३,००० पौंड. हाती उरतात साधारण ३,६२५ पौंड. ५ टक्के दरानं ५० वर्षांचं कर्ज धरलं तर एवढ्या रकमेवर ६६,००० पौंडांच्या आसपास कर्ज पेलतं. उरलेले १ लाख ८४ हजार कुठून तरी यायला हवेत : सरकारी अनुदान, विकलेल्या घरांचे पैसे, फुकटची जमीन किंवा खात्याची शिल्लक.

भाडं १९० केलं तर पेलणारं कर्ज १ लाख २२ हजार होतं. ६० पौंडांची वाढ ५६ हजारांच्या जवळपास अनुदान वाचवते. आठवड्याच्या १ पौंडामागे साधारण ९३० पौंड. व्याज बदललं की हा गुणाकारही बदलतो, म्हणून तो पाठ करून ठेवायचा नाही, दरवेळी नव्यानं काढायचा. भाडं दरवर्षी वाढेल हे इथे धरलेलं नाही. धरलं तर पेलणारं कर्ज जास्त येतं.

२०११ मध्ये आलेलं 'अफोर्डेबल रेंट', म्हणजे सेवाशुल्कासह बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचं भाडं, याच गणितातून जन्मलं. घरामागचं अनुदान घटवलं आणि खड्डा भाड्यानं भरला. उलट दिशाही शक्य आहे : २०२६ ते २०३६ च्या ३,९०० कोटी पौंडांच्या कार्यक्रमात किमान ६० टक्के घरं सोशल रेंटची असावीत असं उद्दिष्ट आहे.

स्वतःचं भाडं तपासताना

भाडेकराराचा कागद काढा आणि भाडं सोशल आहे की अफोर्डेबल ते आधी पाहा. वरचं सूत्र पहिल्यालाच लागू होतं. सोशल रेंटमधून सेवाशुल्क वेगळं काढा. मग वर्षातले भाड्याचे आठवडे मोजा. काही कौन्सिला ४८ आठवडेच भाडं घेतात. तिथले १३० पौंड म्हणजे ५२ आठवड्यांचे १२०. हे न करता केलेली तुलना फुकट जाते. युनिव्हर्सल क्रेडिटला महिन्याचं भाडं सांगतानाही हीच काळजी : १३० × ४८ ÷ १२ = ५२०. ज्या वर्षी भाडं आकारायचे ५३ सोमवार येतात, त्या वर्षीचा जादा आठवडा युनिव्हर्सल क्रेडिट धरत नाही. थकबाकीची पत्रं तिथून सुरू होतात.

कौन्सिलला लेखी विचारा : या घराचं चालू वर्षाचं फॉर्म्युला भाडं, १९९९ ची नोंदलेली किंमत, खोल्यांची संख्या, आणि घर शेवटचं भाड्यानं कधी दिलं. माहिती-स्वातंत्र्य कायद्याखाली उत्तराला २० कामाचे दिवस मिळतात. चुका सापडतात त्या बहुतेक खोल्यांच्या संख्येत, कपातीच्या चार वर्षांतल्या एखाद्या वर्षी कपात न लागण्यात, किंवा सोशल रेंटच्या घराची अफोर्डेबल म्हणून झालेल्या नोंदीत. एका वर्षाची चूक पुढच्या प्रत्येक वर्षाच्या टक्केवारीत वाढत जाते, म्हणून शेवटची वाढ तपासून थांबू नका, २०१५-१६ पर्यंत मागे जा.

सिक्युअर टेनन्सीत, म्हणजे कायद्याचं संरक्षण असलेल्या कौन्सिल भाडेकरारात, भाडं बदलण्याची नोटीस किमान चार आठवडे आधी यायला हवी. वाढ जास्त वाटते, एवढ्या कारणावर सिक्युअर भाडेकरूला भाडे-न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही, आणि हाउसिंग ओम्बुड्समन, म्हणजे घरांच्या तक्रारी पाहणारा स्वतंत्र अधिकारी, हाही भाड्याच्या पातळीवर निकाल देत नाही. पण हिशेब चुकला, माहिती दिली नाही, तक्रार हाताळली नाही, तर कौन्सिलच्या तक्रार-प्रक्रियेच्या दोन्ही टप्प्यांनंतर ओम्बुड्समनकडे जाता येतं. १ एप्रिल २०२० पासून कौन्सिलांची भाडी सोशल हाउसिंगच्या नियामकाच्या भाडे-मानकाखाली आली आहेत. नियामक एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, तरी एकच चूक अनेक घरांत झाल्याचा पुरावा असेल तर त्याला कळवणं उपयोगाचं. चुकीनं घेतलेलं भाडं परत देण्याचा प्रश्न तिथे सगळ्यांसाठी एकदम निघतो.